सुतारकामाचा व्यवसाय निवडण्यापूर्वी : या कामातली गोडी कशी पारखावी

सुतारकामाकडे वळणाऱ्या बहुतेकांना तयार वस्तूची भूल पडलेली असते. हात फिरवावासा वाटेल असे टेबल, अलगद बंद होणारा खण, सांधा कुठे आहे हे शोधावे लागेल अशी चौकट पाहिली की हे आपल्यालाही यावे असे वाटू लागते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु वर्षानुवर्षे या कामात रमलेल्या माणसांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांची गोडी वेगळ्याच ठिकाणी असल्याचे लक्षात येते. ती धार लावण्यात असते, फळी सरळ करण्यात असते, आखणीत असते. म्हणजे ग्राहकाच्या नजरेला जी कधीच पडत नाही आणि जिच्यात कामाच्या दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो, त्या तयारीत असते. म्हणून हा व्यवसाय आपल्याला मानवेल का, हे ठरवायचे असेल तर परीक्षा तयारीच्या कामाची घ्यावी. ती कशी घ्यावी आणि उत्तर होकारार्थी आले तर पुढे काय करावे, हे इथे क्रमाने मांडले आहे.

आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दावरून आला. म्हणजे ज्याच्या हातात आखणीची दोरी आहे तो. करवतीवरून किंवा रंध्यावरून या माणसाचे नाव पडले नाही, ते आखणीच्या दोरीवरून पडले, याचा अर्थ नवशिक्याने जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे.

जपानमध्ये ‘केझुरोकाई’ नावाचे मेळावे भरतात. तिथे सुतार एकत्र जमतात आणि रंध्याने लाकडाचे जास्तीत जास्त पातळ, अखंड सालपट काढण्याची स्पर्धा करतात. निष्णात हातांनी काढलेल्या सालपटाची जाडी १० मायक्रॉनच्याही खाली जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कसबाची कल्पना येते. त्या स्पर्धेत कोणतीही वस्तू तयार होत नाही. उरते ते फक्त सालपट, आणि आरशासारखा चकाकणारा लाकडाचा पृष्ठभाग. तरीही लोक त्यासाठी दुरून येतात. या वेडामागचे कारण ज्याला आतून पटते, त्याने पुढचे वाचावे. ज्याला ते निव्वळ खुळ वाटते, त्यानेही वाचावे, पण पहिल्या दोन परीक्षा दिल्याशिवाय नोकरी सोडू नये.

पहिली परीक्षा : धार

साधारण २० मिलिमीटर रुंदीची एक पटाशी, म्हणजे लाकूड तासण्याची सपाट छिन्नी, घ्यावी. नवी पटाशी दुकानातून आणली म्हणजे कामाला तयार असते, हा समज पहिल्याच दिवशी सोडून द्यावा. तिची सपाट बाजू, म्हणजे पाठ, आधी धार लावायच्या दगडावर घासावी आणि धारेलगतचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग अगदी सपाट व चकचकीत करून घ्यावा. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा असते. त्यांतला एक जरी खडबडीत राहिला तरी दुसऱ्यावर घेतलेली मेहनत वाया जाते. त्यानंतर उतरत्या बाजूला २५ अंशांचा कोन ठेवावा आणि प्रत्यक्ष धारेपाशी तो ३० अंशांपर्यंत वाढवावा, म्हणजे धार लवकर मोडत नाही. दगडाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक कणांचा. १००० नंबरच्या दगडावर घासताना पाठीकडच्या कडेवरून बोट हलकेच बाहेरच्या दिशेने फिरवून पाहावे. धारेच्या संपूर्ण रुंदीवर धातूचा वळलेला बारीक काठ बोटाला जाणवला, की या दगडाचे काम संपले. तो जाणवण्याआधी वरच्या नंबरच्या दगडाकडे जाणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे आणि ‘माझी धार टिकत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा तिथेच असते. शेवटी ६००० किंवा ८००० नंबरच्या दगडावर दोन्ही बाजू आलटून पालटून घासून तो काठ काढून टाकावा.

धार लागली की नाही हे अंगठ्याने चाचपून ठरवू नये. नरम लाकडाच्या तुकड्याचे टोक घ्यावे, जिथे तंतू आडवे कापले जातात, आणि तिथे हाताच्या जोराने पटाशी चालवावी. छेद गुळगुळीत व किंचित तकतकीत दिसला तर धार लागली. तो पांढुरका, चुरगळलेला दिसला तर तंतू कापले न जाता दाबले गेले, आणि पुन्हा दगडाकडे जावे लागेल.

पहिल्या वेळी या सगळ्याला तास-दोन तास लागतील. हात बसल्यावर पाच-दहा मिनिटे पुरतात, पण ती आयुष्यभर वरचेवर द्यावी लागतात. परीक्षेचा खरा प्रश्न इतकाच की तो वेळ कसा गेला. कंटाळा येणे स्वाभाविक आहे. परंतु कंटाळा येऊनही छेद तकतकीत दिसल्यावर पटाशी खाली ठेववेना आणि आणखी एक तुकडा कापून पाहावासा वाटला, तर ते चांगले लक्षण समजावे.

दुसरी परीक्षा : एक फळी

साधारण ६०० मिलिमीटर लांब, १५० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर जाड अशी भरीव लाकडाची खडबडीत फळी घ्यावी आणि हातरंध्याने तिच्या दोन्ही बाजू व दोन्ही कडा सरळ, समांतर आणि काटकोनात आणाव्यात. हे वाक्य वाचायला सोपे आहे. करायला घेतले की दिवस मावळतो.

सुरुवात एका बाजूपासून करावी. फळीच्या दोन टोकांवर सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवाव्यात आणि एका टोकाकडून डोळा खाली आणून दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एका रेषेत दिसतात का ते पाहावे. एक कड तिरकी दिसली तर फळीला पीळ आहे, आणि तो कर्णरेषेवरचे, म्हणजे तिरके समोरासमोरचे, दोन उंच कोपरे उतरवूनच काढावा लागतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा पीळही लांब पट्ट्यांमुळे उघडा पडतो. ही बाजू सपाट झाली की तिच्यावर खूण करावी, कारण यापुढची सर्व मोजमापे तिच्यापासून घ्यायची आहेत. मग एक कड तिच्याशी काटकोनात आणावी. गुण्या लावून फळी उजेडासमोर धरली की कुठून प्रकाश झिरपतो ते दिसते. त्यानंतर मार्किंग गेजने, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढण्याच्या हत्याराने, रुंदी आखून दुसरी कड करावी आणि शेवटी दोन्ही कडांवर व दोन्ही टोकांवर जाडीची रेघ ओढून उरलेली बाजू त्या रेघेपर्यंत उतरवावी. हा क्रम उलटा केला तर एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूत जाते आणि तिचा माग लागत नाही.

या कामात रंधा एका दिशेने सुरेख चालतो आणि उलट दिशेने नेला की लाकूड उचकटते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना जे घडते तेच इथे घडते. तंतू कोणत्या बाजूने पृष्ठभागाकडे चढत येतात हे फळीच्या कडेवर पाहून ओळखता येते, आणि रंधा त्या चढाच्या दिशेने न्यावा लागतो. पण गाठीच्या आसपास तंतू वळसा घेतात आणि तिथे नियमापेक्षा हाताला येणारा विरोध आणि कानाला येणारा आवाज जास्त खरे सांगतात. चांगल्या धारेच्या रंध्याचा आवाज अखंड आणि सळसळता असतो, बोथट रंधा खरडतो. बरेच सुतार पाहण्याआधी ऐकतात, ते यामुळेच.

पहिल्या प्रयत्नात २५ मिलिमीटरची फळी बहुधा १८ वर येऊन थांबते, कारण एक कोपरा सुधारताना दुसरा बिघडतो. निराश होऊ नये. इथे पारखायचे कौशल्य नसून स्वभाव आहे. चूक दिसल्यावर ती लाकडाच्या, हत्याराच्या किंवा शिकवणाऱ्याच्या माथी मारावीशी वाटते, की ती कशी झाली हे शोधावेसे वाटते? मला विचाराल तर सुतारकाम आवडण्याचे सर्वांत सच्चे कारण इथेच आहे: पट्ट्या तिरक्या दिसतात किंवा दिसत नाहीत, मधला मार्ग नसतो, आणि निकालासाठी कुणाच्या अभिप्रायाची वाट पाहावी लागत नाही. ज्या नोकऱ्यांत आपले काम चांगले झाले की वाईट हे सहा महिन्यांनी कुणीतरी फॉर्म भरून सांगतो, त्या सोडून माणसे वाढत्या वयातही या धंद्यात येतात, ती या तात्काळ आणि निःपक्षपाती उत्तराच्या ओढीने.

आखणी, कुसू आणि खाच

तिसरी परीक्षा सांध्याची. एका लाकडाच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी जीभ, काढायचे आणि दुसऱ्यात त्याच्या मापाची खाच पाडायची, हा सांधा जगभर हजारो वर्षे वापरात आहे. दरवाजे, खुर्च्या, छपरे, सगळीकडे तो भेटतो. कुसूची जाडी साधारणपणे लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजूंना पुरेसे लाकूड उरते. आखणी पेन्सिलीने केली तर रेघेची स्वतःचीच जाडी अर्धा मिलिमीटर भरते, आणि कापताना रेघेच्या अलीकडे जायचे की पलीकडे हा प्रश्न उभा राहतो. धारदार सुरीने आखली तर रेघेला जाडी राहत नाही आणि पटाशीचे टोक आपोआप त्या चिरेत बसते. करवत स्वतःच्या रुंदीइतके लाकूड खाते, म्हणून ती नेहमी टाकाऊ भागाच्या बाजूने चालवावी.

खाच आधी पाडावी आणि कुसू नंतर तिच्या मापाने उतरवावे, कारण कुसू बारीक करणे सोपे असते, खाच लहान करणे अशक्य. सांधा हाताच्या दाबाने किंवा लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी बसला पाहिजे. जोरात ठोकावे लागले तर खाच फुटेल. सैल पडला तर डिंकावर सगळा भार येईल, आणि आजचे चांगले डिंक घट्ट सांध्यात फार मजबूत असले तरी ते फट भरून काढण्यासाठी नसतात. सुतारांच्या बोलण्यात ‘सूतभर’ हे माप येते; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरहून किंचित जास्त. चौकटीच्या मापात सूतभर फरक कधी चालून जातो. सांध्यात कागदाच्या जाडीचाही चालत नाही.

असे दहा सांधे लागोपाठ करावेत आणि प्रत्येक कापून उघडून पाहावा. आपलेच काम मधोमध चिरून आतली फट पाहण्याइतके कुतूहल ज्याच्यापाशी आहे, त्याला शिकवणारा फारसा कडक नसला तरी चालतो.

लाकूड हलते, हे आधी मान्य करावे

कापलेले लाकूड मेलेले नसते, असे म्हणण्याची पद्धत आहे. शास्त्र सांगते ते इतके काव्यमय नाही, पण कामाला जास्त उपयोगी आहे. हवेतला दमटपणा वाढला की लाकूड पाणी शोषून रुंदीत फुगते आणि हवा कोरडी झाली की आक्रसते. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. वार्षिक वलयांना धरून होणारा बदल हा वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेतल्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो, आणि या असमानतेमुळेच फळ्यांना बाक येतो. ३०० मिलिमीटर रुंदीची भरीव फळी ऋतुमानानुसार सहज ३-४ मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. टेबलाचा पृष्ठभाग खालच्या चौकटीला सर्व बाजूंनी डिंकाने पक्का चिकटवला तर तो एखाद्या कोरड्या रात्री आवाज करून फाटतो. म्हणून तो लांबट भोकांतून स्क्रूने बसवतात. दरवाजाचे पॅनेल चौकटीच्या खोबणीत डिंकाशिवाय मोकळे ठेवतात, तेही याच कारणाने. घरात वापरायच्या फर्निचरसाठी लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सामान्यतः ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते, आणि लाकूड आणल्यावर ते काही आठवडे कामाच्याच जागी हवा खेळती राहील असे रचून ठेवावे.

ज्यांना नियंत्रण आवडते त्यांना हा भाग त्रासाचा वाटतो. ज्यांना वाटाघाटी आवडतात त्यांना तो सगळ्यात रंजक वाटतो, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्यादेखील सारख्या वागत नाहीत आणि तिसाव्या वर्षीही काही तरी नवे समोर येते.

कोणते सुतारकाम?

‘सुतारकाम’ हा एक शब्द असला तरी त्याच्या आत निरनिराळी आयुष्ये आहेत. इमारतीच्या छपरांचे व सांगाड्यांचे काम उघड्यावर, उंचीवर आणि टोळीने चालते. तिथे वजन उचलण्याची ताकद आणि एकमेकांवरचा विश्वास लागतो. दारे-खिडक्या आणि जिने करणाऱ्याला भूमिती पक्की असावी लागते, विशेषतः वळणदार जिन्यात. फर्निचर करणारा बहुतांशी एकटा, छताखाली आणि संथ गतीने काम करतो. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले तक्ते) यांचे कपाटकाम पूर्णपणे वेगळे आहे; त्यात लाकूड हलण्याची चिंता कमी असते, पण तक्त्यागणिक कापणीचा आराखडा, यंत्रांची अचूकता आणि ग्राहकाच्या घरातल्या वाकड्या भिंती यांच्याशी गाठ असते. वाद्ये, होड्या, ओतकामाचे साचे अशा आणखी शाखा आहेत. सुरुवातीलाच एक पक्की करण्याची घाई करू नये. निदान दोन ठिकाणी काही महिने हात काळे करावेत.

यंत्रे आल्यावर हातकाम संपेल या भीतीने कुणी मागे फिरत असेल, तर त्याने पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे उदाहरण पाहावे. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तिथले ओक लाकडाचे मध्ययुगीन छप्पर जळाले, आणि ते पुन्हा उभारताना सुतारांनी ओले ओंडके कुऱ्हाडींनी हाताने तासले. डिसेंबर २०२४ मध्ये वास्तू पुन्हा उघडली. तासताना कुऱ्हाड तंतूंच्या वळणाने जाते, करवत मात्र ते वळण न जुमानता सरळ छेदते, त्यामुळे तासलेल्या तुळईत तंतू अखंड राहतात. अर्थात रोजच्या धंद्यात यंत्राची करवत आणि यंत्राचा रंधा लागतातच, आणि ते नाकारणे हा रोमँटिक हट्ट होईल. हातकाम आधी शिकावे ते यासाठी, की यंत्र चुकले तर चूक कुठे आहे हे कळावे.

शिकणे, शरीर आणि हिशेब

शिकण्याचे मार्ग मुख्यतः दोन: व्यवसाय प्रशिक्षण संस्थेतला अभ्यासक्रम आणि चालत्या कार्यशाळेतली उमेदवारी. संस्थेत चित्र वाचणे, भूमिती आणि यंत्रसुरक्षा नीट शिकवली जाते; कार्यशाळेत वेग, क्रम आणि लाकूड वाया न घालवण्याची शिस्त येते. दोन्ही मिळाले तर उत्तम. एकच मिळणार असेल तर मी कार्यशाळा निवडेन, मात्र निवडताना मालकाचे नाव न पाहता तिथली हत्यारे पाहावीत. पटाश्यांना धार आहे का, यंत्रावर संरक्षक आच्छादन आहे की कोपऱ्यात पडले आहे, भुसा खेचणारी व्यवस्था आहे का, या तीन गोष्टींवरून बाकीचे बरेच समजते.

भुशाचा उल्लेख गंभीरपणे घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या पदार्थांत केला आहे. धोका मुख्यतः नाक आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांना असतो. दिसणारा भुसा फारसा घातक नसतो, तरंगणारी बारीक धूळ असते, म्हणून साधा रुमाल न बांधता चेहऱ्याला घट्ट बसणारा धूळरोधक मुखवटा वापरावा. आवाजाचेही तसेच. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसणे ही कामाच्या जागी सामान्यतः मानली जाणारी मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो असे धरले तर १०० डेसिबलच्या यंत्रकरवतीपुढे कानांना संरक्षण नसताना पंधरा मिनिटेच उरतात. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत, सैल बाह्या ठेवू नयेत आणि लहान तुकडा बोटांनी पुढे ढकलू नये.

आता पैशाचे. या व्यवसायात माणसे नाउमेद होतात ती लाकडापायी क्वचितच होतात. बहुतेक वेळा अंदाज चुकल्यामुळे होतात. नवशिका कापणी आणि जोडणीचा वेळ धरतो. घासकाम, पॉलिश, वाहतूक, बसवणी आणि ग्राहकाच्या शंका यांचा वेळ विसरतो. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी, प्रत्येक कामाचा अंदाजी वेळ आधी आणि प्रत्यक्ष वेळ नंतर लिहावा. दहा-बारा कामांनंतर आपण नेमके कुठे आणि किती चुकतो हे त्या वहीतून दिसते. खडबडीत लाकूड घेताना गाठी, भेगा आणि रंध्यात जाणारा भाग लक्षात घेऊन गरजेपेक्षा २० ते ३० टक्के जास्त धरावे.

छंद आणि व्यवसाय यांतला एक फरकही इथेच सांगायला हवा. संशोधक मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की स्वतः जोडलेल्या वस्तूला माणसे अधिक मोल देतात, पण ते काम पुरे झाले तरच. अर्धवट राहिले किंवा मोडून टाकले तर ती ओढ नाहीशी होते. छंदातल्या आनंदाचा मोठा भाग या आपलेपणाचा असतो. व्यावसायिकाला मात्र प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या दारात ठेवून परत यायचे असते. वस्तू देऊन टाकताना जीव अडकत असेल तर सुतारकाम छंद म्हणून ठेवणे हा कमीपणाचा नव्हे, तर शहाणपणाचा निर्णय आहे. कार्यशाळेतल्या रिकाम्या बाकाकडे परत येऊन पुढच्या फळीला पट्ट्या लावताना ज्याला हलके वाटते, त्याने पुढे जावे.

निर्णय तरीही होत नसेल तर एक चौपायी स्टूल करावे: भरीव लाकडाचे, कुसू-खाचेचे, एकही खिळा नसलेले. बैठकीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहावी आणि ते रोजच्या वापरात ठेवावे. एक दमट आणि एक कोरडा ऋतू उलटल्यावर ते उलटे करून आठही सांधे बोटाने तपासावेत, जिथे फट पडली असेल तिथे कारण लिहून ठेवावे, आणि शेजारी जागा राखून दुसऱ्या स्टुलाची आखणी सुरू करावी.